खान्देशातला मतदार मत कोणाला देतो : पक्षाला, नेत्याला की आपल्या माणसाला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो. नोकरीच्या काळात ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत कितीतरी निवडणुकांत मतदान केंद्रावर ड्युटी केली. आता निवृत्त झाल्यावर पारोळा, अमळनेर, धुळे या पट्ट्यात मतदार जागृतीच्या बैठका घेतो. प्रत्येक बैठकीत फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून ते एका ठिकाणी लिहून ठेवतो आहे. खान्देश म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे, विधानसभेच्या २० जागा. लोकसभेच्या चार जागांपैकी धुळ्याच्या जागेत मालेगाव आणि बागलाण येतात, रावेरच्या जागेत मलकापूर येतं. म्हणून उत्तरांत अधूनमधून आपली हद्द ओलांडावी लागेल.

सरळ सांगा, लोक पक्ष बघतात, नेता बघतात की उमेदवार?

नेहमी ऐकू येणारं उत्तर असं आहे : लोकसभेला दिल्लीचा नेता, विधानसभेला उमेदवार, ग्रामपंचायतीला भाऊबंदकी. ते पूर्ण खोटं नाही. पण एवढ्यावर थांबलं की खान्देशातले अर्धे निकाल समजत नाहीत.

माझं म्हणणं असं की मतदारापुढे एकाच वेळी तीन प्रश्न असतात. सरकार कोणाचं यावं? वरचा नेता कोण असावा? आणि माझं काम अडलं तर मी कोणाच्या दारात जाऊ? उत्तर द्यायला मात्र बटण एकच. त्या दिवशी तिघांतला कोणता प्रश्न त्याला जास्त टोचत होता, त्यावर त्याचं बोट कुठे जातं ते ठरतं. मतदाराला हे चांगलं कळतं. निकाल लागल्यावर मात्र जो तो आपल्या सोयीच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं असं समजून गुलाल उधळतो. एका मताचा एकच अर्थ काढण्याची ही सवय मला मनापासून खटकते.

कायद्याने मी नेमकं कोणाला मत देतो?

उमेदवाराला. मतदान यंत्रावर उमेदवाराचं नाव असतं, फोटो असतो आणि चिन्ह असतं. पंतप्रधान किंवा मुख्यमंत्री कोण व्हावा असं विचारणारं बटण आपल्याकडे नाही. फोटो छापायला २०१५ पासून सुरुवात झाली. सारख्या नावाचे उमेदवार उभे करून मतं फोडण्याचे प्रकार होत, त्यावर तो उपाय होता. जळगाव ग्रामीणमध्ये तर खरोखरच्या लढतीतच गुलाबराव पाटील विरुद्ध गुलाबराव देवकर असा सामना एकाहून जास्त वेळा झाला आहे.

चिन्ह मात्र पहिल्या निवडणुकीपासून आहे. १९५१-५२ ला आणि १९५७ ला प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे आणि तिच्यावर चिन्ह चिकटवलेलं असे. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही मत देता यावं म्हणून ही सोय केली होती. पुढे ती सोयच पक्षाची ओळख बनली. आमच्या आजीच्या तोंडी उमेदवाराचं नाव कधी आलं नाही. ती ‘बैलजोडी’ म्हणायची, पुढे ‘गाय-वासरू’ म्हणायची.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना नवीन वाटते. आपल्या मूळ राज्यघटनेत राजकीय पक्षांबद्दल तरतूदच नव्हती. ती आली १९८५ मध्ये, पक्षांतरबंदीच्या दहाव्या परिशिष्टासोबत.

एकच मतदार पाच महिन्यांत वेगळं मत का देतो? त्याला कोणी विकत घेतलेलं असतं का?

पैसे वाटले जातात हे मी नाकारणार नाही. पण ‘मतदार विकला गेला’ हे हरलेल्या माणसाचं सगळ्यात सोपं उत्तर आहे, आणि ते लोकांचा अपमान करणारं आहे. तीन उदाहरणं बघा.

पहिलं मुक्ताईनगरचं. २०१९ च्या मे महिन्यात रक्षा खडसे भाजपच्या चिन्हावर रावेरमधून ३ लाख ३५ हजारांहून जास्त मतांनी लोकसभेत गेल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुक्ताईनगर विधानसभेला पक्षाने एकनाथ खडसे यांच्याऐवजी त्यांची मुलगी रोहिणी खडसे यांना तिकीट दिलं. पक्ष तोच, चिन्ह तेच, घरही तेच. तरी त्या अपक्ष चंद्रकांत पाटील यांच्याकडून १,९५७ मतांनी हरल्या. मतदारसंघाचा इतिहासही लक्षात घ्या. हा पूर्वीचा एदलाबाद. इथून १९६७ ते १९८५ प्रतिभाताई पाटील काँग्रेसकडून निवडून येत राहिल्या, पुढे त्या राष्ट्रपती झाल्या. १९९० पासून सलग सहा वेळा खडसे आले. म्हणजे एकदा माणूस धरला की सहजासहजी न सोडणारा हा मतदार. लोकसभेला त्याला दिल्लीबद्दल विचारलं होतं, विधानसभेला तालुक्याबद्दल. त्याने दोन वेगळ्या प्रश्नांना दोन वेगळी उत्तरं दिली.

दुसरं धुळे लोकसभेचं, २०२४. भाजपचे डॉ. सुभाष भामरे सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत पुढे होते. मालेगाव मध्यने एकट्याने काँग्रेसच्या डॉ. शोभा बच्छाव यांना सुमारे १ लाख ९४ हजारांची आघाडी दिली, आणि त्या ३,८३१ मतांनी जिंकल्या. लगेच नोव्हेंबरमध्ये त्याच मालेगाव मध्यमध्ये खरी लढत झाली ती एमआयएमचे मुफ्ती इस्माईल आणि माजी आमदार आसिफ शेख यांच्यात. फरक फक्त १६२ मतांचा. काँग्रेसचा उमेदवार या लढतीत पार मागे पडला. लोकसभेला जवळजवळ एकगठ्ठा झालेली मतं नोव्हेंबरात बरोबर मधोमध फाटली. लोकसभेचं मत काँग्रेसच्या प्रेमातून आलं होतं असं समजणारा चुकला. आणि त्या मतदाराला पक्षाशी काही देणंघेणं नाही असं समजणाराही चुकला, कारण लोकसभेला त्याने फार विचारपूर्वक पक्षच निवडला होता.

तिसरं नंदुरबारचं. जून २०२४ मध्ये काँग्रेसचे गोवाल पाडवी यांनी भाजपच्या डॉ. हीना गावित यांना १ लाख ५९ हजार मतांनी हरवलं. नोव्हेंबरमध्ये त्यांचे वडील के. सी. पाडवी, अक्कलकुव्यातले जुने आमदार, शिवसेनेच्या आमश्या पाडवी यांच्याकडून तीन हजारांहून कमी मतांनी पडले. त्या लढतीत हीना गावितही अपक्ष उभ्या होत्या. सातपुड्यातल्या ज्या वस्त्यांनी मुलाला दिल्लीला पाठवलं, त्यांतल्या बऱ्याच जणांनी बापाला घरी बसवलं. नोव्हेंबरात खान्देशातल्या २० पैकी १९ जागा महायुतीकडे गेल्या. काँग्रेसकडे राहिलं एकटं नवापूर, तेही अकराशेच्या आसपास मतांनी.

पक्ष बदलूनही तोच माणूस निवडून येतो. मग खान्देशात पक्षाला किंमत नाही असंच ना?

असं म्हणायला भरपूर आधार आहे. डॉ. विजयकुमार गावित १९९५ ला नंदुरबारमधून अपक्ष निवडून आले, नंतर राष्ट्रवादीकडून आणि २०१४ पासून भाजपकडून. चिन्हं तीन, आमदार एक. शिरपूरचे काशीराम पावरा २००९ आणि २०१४ ला काँग्रेसचे आमदार होते. २०१९ ला अमरिशभाई पटेलांबरोबर ते भाजपमध्ये गेले, निवडून आले, आणि २०२४ ला तर लाखाहून जास्त मतांनी. शिरपुरात लोक अमरिशभाईंना बघून मत देतात हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. जळगाव शहरात सुरेशदादा जैन १९८० पासून निवडून येत राहिले. काँग्रेस, राष्ट्रवादी, शिवसेना असे पक्ष बदलत गेले, दादा तेच राहिले.

आता दुसरी बाजू. याच सुरेशदादांना २०१४ ला भाजपच्या सुरेश भोळे यांनी हरवलं. नंदुरबारमधून नऊ वेळा खासदार झालेले माणिकराव गावित त्याच वर्षी पडले. मोदींच्या नावाची लाट होती आणि तिच्यापुढे तीस वर्षांची ओळख कमी पडली. २०२४ ला धुळे ग्रामीणमध्ये कुणाल पाटील साठ हजारांहून जास्त मतांनी हरले. तीन पिढ्या काँग्रेसमध्ये असलेलं घर, वडील रोहिदास दाजी नुकतेच वारलेले, माणूस म्हणून नाव चांगलं, तरीही. पुढच्या वर्षी जुलैमध्ये ते भाजपमध्ये गेले.

माझा अनुभव सांगतो की माणसाची पुण्याई त्याला एका मर्यादेपर्यंत तारते. हवा मध्यम असेल तर तो पोहून जातो. हवा फार जोरात असेल तर वाहून जातो. त्याची मर्यादा किती, हे त्याने पाच वर्षांत किती घरांत पाऊल ठेवलं त्यावर ठरतं.

‘किती घरांत पाऊल ठेवलं’ म्हणजे काय? आमदाराने लग्नं आणि मयती करत फिरायचं का?

शहरातल्या तरुणांना हे मागासपणाचं लक्षण वाटतं. दहाव्याला, गंधमुक्तीला, हळदीला येणारा आमदार बघून ते नाक मुरडतात. मी तसं बघत नाही. सरकारी यंत्रणा ज्या माणसाला दाद देत नाही, त्याच्यासाठी आमदार ओळखीचा असणं हीच एक खात्री असते. सिव्हिलमध्ये खाट मिळत नाही, सातबाऱ्यावर नाव चुकलं, डीपी जळाली आणि पंधरा दिवस बदलून मिळाली नाही. अशा वेळी फोन उचलणारा कोण? पारोळ्याजवळच्या एका गावातल्या म्हाताऱ्या बाईने बैठकीत मला अहिराणीत ऐकवलं होतं, “येळवर कोन धाई येस ते देख, भो.” वेळेवर कोण धावून येतो ते बघ. पक्ष-नेता-उमेदवार या वादावर मी ऐकलेलं सगळ्यात नेमकं वाक्य हेच.

म्हणूनच आपल्याकडे पुढाऱ्याला आडनावाने कोणी हाक मारत नाही. नाथाभाऊ, गिरीशभाऊ, गुलाबभाऊ, सुरेशदादा, राजूमामा, दाजी, अण्णा, नाना, आबा. नात्याची हाक मारली की नात्याचा हक्क आपोआप येतो. भावाने बहिणीकडे यायचं असतं, मामाने भाच्याच्या मदतीला धावायचं असतं. नाही आला तर राग पुढाऱ्यावरचा राहत नाही, नातेवाइकावरचा होतो, आणि तो जास्त दिवस टिकतो.

खासदाराचं काम कोणतं आणि आमदाराचं कोणतं? चुकीच्या माणसाला जाब विचारला जातो का?

फार वेळा. मनमाड-धुळे-इंदूर रेल्वे हे खासदाराचं काम. धुळ्यात कित्येक निवडणुका या मागणीवर गेल्या. शेवटी सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ३०९ किलोमीटरच्या मनमाड-इंदूर मार्गाला १८,०३६ कोटींच्या अंदाजाने मंजुरी दिली. अमळनेरजवळचा पाडळसरे प्रकल्प, म्हणजे निम्न तापी, हा राज्याच्या पाटबंधारे खात्याचा. तिथे आमदार आणि मंत्री यांना धरायचं. पण पैसा केंद्राच्या योजनेतून हवा असेल तर खासदारही जबाबदार होतो, आणि मग दोघंही एकमेकांकडे बोट दाखवायला मोकळे. गटार आणि दिवाबत्ती नगरसेवकाची किंवा ग्रामपंचायतीची. खासदाराला वर्षाला ५ कोटींचा स्थानिक विकास निधी असतो. अठरा-वीस लाख मतदारांच्या मतदारसंघात तो वाटला तर गावागणिक एखादा सभामंडप किंवा हायमास्ट एवढंच होतं.

माझ्या मामांची केळी रावेर तालुक्यात आहे. एका वर्षी मृगाच्या तोंडावर वादळ झालं आणि घडासकट बाग आडवी झाली. मी दुसऱ्या दिवशी पोहोचलो. खोडं कमरेतून मोडलेली, पानं चिंधड्या होऊन चिखलात, आणि मामा बांधावर बसून आडव्या पडलेल्या घडांवरून नुसता हात फिरवत होते. नऊ महिने वाढवलेला माल, पंधरा दिवसांत काढणीला आला असता. त्या आठवड्यात बांधावर बरेच जण येऊन गेले. कोणी फोटो काढले, कोणी पंचनाम्याचं आश्वासन दिलं. हवामानावर आधारित फळपीक विम्याचे पैसे मात्र अडकले, कारण कंपनीने वाऱ्याचा वेग धरला तो दूरच्या हवामान केंद्राचा. विम्याचे निकष ठरवण्यात केंद्र आणि राज्य दोघंही असतात. मामांनी राग काढला तो सरपंचावर, कारण हाताशी तोच होता. मी त्यांना समजावत होतो, “मामा, हे त्याच्या हातात नाही.” ते म्हणाले, “मग ज्याच्या हातात आहे त्याचं घर दाखव.” मला ते घर दाखवता आलं नाही.

लोक नेत्याला की प्रतिनिधीला मत देतात, हा प्रश्न मला पुस्तकी वाटत नाही तो यामुळे. ज्याला मत दिलं त्याच्या हातात काम नाही, आणि ज्याच्या हातात काम आहे तो मत मागायला कधी दारात आलाच नाही, अशी आमच्या शेतकऱ्याची कोंडी आहे.

आमच्या गावाने कोणाला लीड दिली हे पुढाऱ्याला कसं कळतं? मत तर गुप्त असतं ना?

तुमचं एकट्याचं मत गुप्तच असतं. ते कोणालाही कळत नाही, यात शंका ठेवू नका. पण मोजणी मतदान केंद्रानुसार होते आणि नमुना २० मध्ये प्रत्येक केंद्रावर कोणाला किती मतं पडली ते छापून जाहीर होतं. लहान गावात एकच केंद्र असेल, तर गावाचं मत उघडं पडतं. ‘तुमच्या गावाने मला मायनस केलं, आता रस्ता कसा मागता?’ असं सभेत सुनावणारे पुढारी मी माझ्या कानांनी ऐकले आहेत.

मतपत्रिकांच्या काळात वेगवेगळ्या केंद्रांच्या पत्रिका मिसळून मोजण्याची सोय होती. यंत्रं आल्यावर ती गेली. अनेक यंत्रांची बेरीज एकत्र दाखवणारं टोटलायझर नावाचं यंत्र वापरावं असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्ये दिला होता. तो आजही अमलात आलेला नाही. माझ्या मते यायला हवा. कारण गाव मोजलं जातं म्हणून गाव घाबरतं, आणि घाबरलेलं गाव पक्ष, नेता, प्रतिनिधी यांतलं काहीच निवडत नाही. ते फक्त जिंकणारा कोण याचा अंदाज बांधतं.

आणि जात? तिच्याबद्दल तुम्ही बोलतच नाही.

बोलतो. रावेर-यावलकडे लेवा पाटीदार, धुळे-पारोळा-अमळनेर भागात मराठा, तापीकाठी गुजर, नंदुरबारकडे भिल्ल, पावरा, मावची, कोकणी. तिकीट देताना सगळे पक्ष ही बेरीज करतात. पण जात ही चौथी गोष्ट नाही, ती आधीच्या तिघांत मुरलेली आहे. पक्ष ‘आपला’ वाटतो तोही जातीतून, माणूस ओळखीचा असतो तोही बऱ्याचदा जातीतून. तरी निव्वळ जातीने निकाल लागत नाही, कारण समोरासमोरचे उमेदवार कित्येकदा एकाच जातीचे असतात. राखीव मतदारसंघात तर तसं असणारच. पाचोऱ्यात २०२४ ला किशोर पाटील यांच्यासमोर त्यांची चुलत बहीण वैशाली सूर्यवंशी उभी होती. तिथे जात सांगून काय कळणार?

लाडक्या बहिणीचे पैसे आले आणि निकाल फिरला, हे खरं का?

योजना जुलै २०२४ पासून लागू झाली, महिन्याला १,५०० रुपये. लोकसभा आणि विधानसभेच्या निकालांत जो फरक पडला त्यात तिचा वाटा आहे हे गावोगावच्या बायकांशी बोलताना जाणवतं. पण ‘पैसे घेऊन मत दिलं’ या सुरात जे बोललं जातं ते मला पटत नाही. सरकारने काहीतरी थेट हातात दिलं आणि बाईने ते लक्षात ठेवलं, हे सरकारच्या कामावर दिलेलं मतच आहे. लोकसभेला कांदा निर्यातबंदीचा आणि कापसाच्या भावाचा राग काढला गेला तेव्हा त्याला कोणी लाच म्हटलं नव्हतं.

निवडून आल्यावर त्याने पक्षच बदलला, तर माझ्या मताचं काय?

हा प्रश्न हल्ली प्रत्येक बैठकीत येतो आणि विचारणाऱ्याचा आवाज चढलेला असतो.

कायदा असा. दहाव्या परिशिष्टानुसार आमदार-खासदाराने पक्ष सोडला किंवा पक्षाचा व्हिप, म्हणजे मतदानाबद्दलचा आदेश, मोडला तर तो अपात्र ठरतो. पूर्वी एक तृतीयांश सदस्य फुटले तर ते वाचत. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ती पळवाट बंद झाली, आता दोन तृतीयांशांसह विलीनीकरण लागतं. अपात्रतेचा निर्णय सभागृहाच्या अध्यक्षांकडे असतो. अपक्षाने निवडून आल्यावर पक्षात प्रवेश केला तर तोही अपात्र ठरतो, नुसता पाठिंबा दिला तर नाही. नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्यांसाठी राज्याचा १९८६ चा वेगळा कायदा आहे.

आता व्यवहार बघा. जळगाव महापालिकेत २०१८ ला लोकांनी ७५ पैकी ५७ जागा भाजपला दिल्या. मार्च २०२१ मध्ये फुटलेल्या नगरसेवकांच्या मतांवर शिवसेनेचा महापौर झाला. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली तेव्हा जळगाव जिल्ह्यातले सेनेचे चारही आमदार आणि मुक्ताईनगरचे अपक्ष आमदार एकनाथ शिंद्यांबरोबर गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये आयोगाने नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिले. जानेवारी २०२४ मध्ये विधानसभा अध्यक्षांनी कोणालाच अपात्र ठरवलं नाही.

आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या पाचही जागा शिंद्यांच्या शिवसेनेला मिळाल्या. तीन ठिकाणी तेच आमदार, एरंडोलमध्ये मुलगा, चोपड्यात पती. ज्यांना वाटत होतं की लोक फुटीची शिक्षा देतील, ते इथे चुकले. बहुतेक मतदारांनी माणसाकडे बघितलं, कामाकडे बघितलं, सत्ता कोणाकडे आहे तेही बघितलं. खरा पक्ष कोणता, हा वाद त्यांनी मुंबई-दिल्लीवर सोडून दिला.

तरीही मी याला लोकांची संमती म्हणणार नाही. पुढच्या निवडणुकीत मत मिळालं म्हणून मागच्या मताशी केलेला व्यवहार न्याय्य ठरत नाही. ज्याने २०१९ ला केवळ पक्षाकडे बघून मत दिलं, त्याचं मत मधली अडीच वर्षं त्याला न विचारता दुसरीकडे वापरलं गेलं. आपल्याकडे आमदार-खासदाराला परत बोलावण्याची सोय नाही. पक्ष सोडायचा असेल तर आधी राजीनामा आणि पुन्हा लोकांसमोर, एवढा सरळ नियम झाला तर मला समाधान वाटेल.

ग्रामपंचायतीला चिन्हावर निवडणूक होत नाही. मग ‘आमचे इतके सरपंच आले’ असं पक्ष कसं सांगतात?

निकालाच्या संध्याकाळी सरपंचाला हार घालून आपल्या ऑफिसात फोटो काढतात. काही सरपंच दोन्हीकडच्या फोटोंत दिसतात. थेट सरपंच निवड २०१७ ला आली, २०२० ला गेली, २०२२ ला परत आली. गावाने तिथे नक्कीच माणूस निवडलेला असतो.

तिकीट कोण ठरवतं? त्यात आम्हाला काही बोलता येतं का?

नाही, आणि माझ्या मते सगळ्या प्रश्नाचं मूळ इथे आहे. आपण प्रतिनिधी निवडतो म्हणतो, पण यादी आपल्यापुढे येते ती वरून ठरून. तालुक्याच्या कार्यकर्त्यालाही मत विचारलं जात नाही, सर्व्हे झाला एवढंच सांगितलं जातं. म्हणूनच बंडखोरी होते आणि म्हणूनच खान्देशात अपक्षांना मान आहे. पक्षाने जो विचार करायला हवा होता तो मतदार शेवटच्या दिवशी स्वतः करतो.

अपक्षाला किंवा नवख्याला दिलेलं मत वाया जातं का?

अमळनेरने २००९ ला साहेबराव पाटील आणि २०१४ ला शिरीष चौधरी असे लागोपाठ दोन अपक्ष आमदार दिले. साक्रीने २०१९ ला मंजुळा गावित यांना अपक्ष निवडून दिलं. तेव्हा इकडच्या मतदाराला कोणी असं सांगायला जाऊ नये. मात्र हे सगळे आधीपासून नाव असलेले लोक. पैसा नाही, घराणं नाही, पाठीशी गट नाही अशा माणसाला वाट फार अवघड आहे.

शेवटच्या ड्युटीची एक गोष्ट सांगतो. केंद्राबाहेर उमेदवारांची यादी लावलेली असते. सकाळी अकराच्या सुमाराला एक आजोबा आले, डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा. मला म्हणाले, वाचून दाखव. मी क्रमाने नावं वाचत गेलो. ओळखीची नावं आली तशी ते मान हलवत गेले. यादीच्या शेवटाकडे एका अपक्षाचं नाव होतं, शेजारच्याच गावचा मुलगा. आजोबांनी मला थांबवलं.

“हाऊ कोना पोऱ्या शे?”

कोणाचा मुलगा हा? मी त्याचं मधलं नाव पुन्हा वाचलं, गाव वाचलं. ओळख पटेना. त्याहून जास्त काही बोलणं माझ्या कामात बसत नव्हतं, म्हणून मी गप्प राहिलो. आजोबा थोडा वेळ यादीकडे तोंड करून तसेच उभे राहिले. मागे रांग वाढत होती. मग म्हणाले, पहिल्यापासून परत वाच. मी सगळी नावं परत वाचली, आणि या वेळी त्यांनी एकदाही मान हलवली नाही.